खिडकीखालची खरखर

दोन सख्खे भाऊ एकमेकांशी किती वाईट वागू शकतात, हे ज्याला बघायचं असेल त्याने या दोन घरांच्या मधल्या बोळात येऊन उभं राहावं. बोळ म्हणजे काय, दोन माणसं खांद्याला खांदा लावून जेमतेम जातील एवढी पट्टी. खाली फुटक्या विटा, गंजके पत्रे, कधीकाळी फेकलेली झाकणं आणि वीतभर माती. एका अंगाला थोरल्याची रेडिओ दुरुस्तीची खोली. दुसऱ्या अंगाला धाकट्याच्या घराची भिंत, आणि त्या भिंतीत आईची खिडकी. या पट्टीतून उगवत काही नव्हतं आणि कुठे जाताही येत नव्हतं, तरी तिच्यासाठी दोघंही एकमेकांचा गळा धरायला तयार होते.

भांडणाचं मूळ वडिलांनीच जमिनीत ठोकलं होतं. हयात असताना त्यांनी जागेची वाटणी केली, दोन्ही पोरांना समोर उभं केलं आणि ट्रकच्या अॅक्सलचा एक तुकडा घणाने जमिनीत उतरवला. त्याच्या डोक्यावर सिमेंटचा गोळा थापला आणि म्हणाले, "ही तुमची हद्द. हिच्यावरून भांडलात तर दोघांचंही तोंड बघणार नाही." आता ते कोणाचंच तोंड बघायला उरले नव्हते, त्यामुळे पोरांनी मनसोक्त भांडायला घेतलं. धाकट्याने घर बांधलं तेव्हा सगळा राडारोडा बोळात लोटला आणि खूण त्याच्याखाली गडप झाली. थोरला शपथेवर सांगायचा की ती धाकट्याच्या भिंतीला लागून होती, म्हणजे सगळा बोळ त्याचा. धाकटा तितक्याच शपथेवर सांगायचा की ती थोरल्याच्या खोलीच्या मधोमध होती आणि दादाने ती फरशीखाली दाबून वर टेबल मांडलं.

मोजणीवाल्याच्या नकाशावरची पेन्सिलची रेघ नेमकी त्या टेबलावरून जात होती. मोजणीवाला दोघांनाही कंटाळला होता. "कागदावर 'लोखंडी खूण' एवढंच लिहिलंय," तो म्हणाला. "खूण दाखवा, मी तिथून रेघ मारतो. नाही दाखवलीत तर आहे ती रेघ कायम." रेघ कायम झाली असती तर खोलीची मागची भिंत, टेबल, फळ्या आणि थोरल्याचं सगळं आयुष्य पाडावं लागलं असतं. दुसरा धंदा त्याला येत नव्हता आणि नवा शिकण्याचं वयही राहिलं नव्हतं.

"मग सगळा बोळच खणतो," थोरला म्हणाला.

"माझ्या भिंतीचा पाया उकरशील तर हात कलम करीन," धाकटा म्हणाला. "एकच खड्डा. तोही साहेबांच्या समोर. सापडली तर सापडली, नाहीतर गप बसायचं."

मोजणीवाल्याने ही अट लगेच मान्य केली. सोमवारी येतो म्हणाला आणि दोघांचं पुढचं ऐकायच्या आत गाडीला किक मारून गेला.

थोरल्याच्या खोलीत माळ्यावर धातू शोधायचं एक यंत्र पडून होतं. कधीतरी एक प्लंबर जमिनीखालचे नळ शोधायचं यंत्र म्हणून दुरुस्तीला टाकून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. उंदरांनी त्याच्या वायरी खाल्लेल्या, पुढचं ताटाएवढं वेटोळं तुटलेलं. थोरल्याने ते खाली काढलं, वेटोळ्यावर तांब्याची तार नव्याने गुंडाळली, सडलेले भाग बदलले, दांड्याला जुन्या छत्रीची मूठ लावली. खोलीच्या पुढच्या दाराशी यंत्र छान चालायला लागलं. वेटोळ्याखाली पक्कड धरली की हेडफोनमध्ये गोड चढा स्वर यायचा, बाजूला नेली की शांत.

बोळात नेल्यावर मात्र त्यातून खरखरीशिवाय काही येईना. यंत्र तळणीतल्या तेलासारखं तडतडायचं. खाली लोखंड असो वा नसो, त्याला काही फरकच पडत नव्हता. आणि खड्डा मिळणार होता एकच.

थोरला माणूस म्हणून कसाही असो, मेकॅनिक म्हणून सरळ होता. पहिला संशय स्वतःवर घ्यायचा, ही त्याची पद्धत. त्याने विजेची वायर काढून बॅटरी लावली. खरखर तशीच. सगळे सांधे पुन्हा डागले. तशीच. मोबाइल घरात ठेवून आला, खोलीतली ट्यूब बंद केली, शेवटी घराचा मेन स्विचच खाली ओढला.

"अहो!" आतून बायको ओरडली. "फ्रीजमधलं दूध नासलं तर त्या अॅक्सलने विरजण लावा बरं का!"

घरात अंधार, बायको तणतणतेय, आणि खरखर जशीच्या तशी. म्हणजे ती त्याच्या घरातली नव्हती.

मग त्याने वेटोळं उभं धरलं आणि जागच्या जागी हळूहळू फिरला. एका दिशेला खरखर अंगावर यायची, तिच्या आडव्या दिशेला जवळजवळ मरायची. बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तो तसाच फिरला. दोन्ही ठिकाणांहून रोख एकीकडेच जात होता, धाकट्याच्या भिंतीकडे, आईच्या खिडकीकडे. खिडकीखाली तर हेडफोन कानावर ठेववेना. आणि थोरल्याच्या आठवणीप्रमाणे वडिलांनी अॅक्सल ठोकला होता तो नेमका तिथेच.

तिथे उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की या खरखरीला ताल आहे. थोडा वेळ खर्रर, मग एक ठक, मग क्षणभर दम, की पुन्हा खर्रर. त्याने हेडफोन उतरवला आणि भिंतीला कान लावला. पलीकडून फुस्स आवाज आला, मग ठक, मग पुन्हा फुस्स. ताल तोच. आईचं ऑक्सिजनचं मशीन.

त्याला आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. बिघाडाचं घर सापडलं की मेकॅनिकला होतो तो आनंद. मग संताप आला. खाट पूर्वी पुढच्या खोलीत होती, ती धाकट्याने मुद्दाम या भिंतीशी आणली, खूण शोधता येऊ नये म्हणून आणली, अशी त्याची खात्री पटली. धाकट्याला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही, तो असली शक्कल कुठून लढवणार, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. आणि आईला श्वास पुरत नाही म्हणून ते मशीन आलंय, हे तर सगळ्यात शेवटी डोक्यात आलं.

आईला त्याने पाहिलंच नव्हतं म्हणा ना. पहिल्या मोठ्या भांडणात तो सगळ्या गल्लीसमोर बोलून बसला होता, "तुझ्या उंबरठ्यावर पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." आई आजारी पडली ती त्यानंतर. ती धाकट्याकडे राहायची, म्हणजे थोरल्याच्या हिशेबी धाकट्याच्या बाजूची झाली. भांडण नवं होतं तेव्हा थोरल्याच्या बायकोने तिला एकदा तोंडावर विचारलंही होतं की तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या. आई म्हणाली होती, "मी माझ्या खाटेच्या बाजूची." तिच्या जिभेला धार होती आणि ती आजारपणातही बोथट झाली नव्हती, हे भिंतीतून ऐकू यायचं. बाकी तिची खबर म्हणजे खोकला.

त्याने खिडकीच्या गजांवर पक्कड आपटली. खिडकी बोटभर उघडी होती. आतून धाकट्याने पडदा सरकवला.

"काय पाहिजे?"

"ते मशीन त्या भिंतीला ने. पलीकडच्या."

"का?"

"माझ्या यंत्रात त्याची खरखर येतेय."

धाकट्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पसरलं की थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्याला हे आत्ताच कळलं होतं, आणि ते आपणच सांगितलं होतं, हे थोरल्याच्या लक्षात आलं, पण शब्द निघून गेला होता.

"वा दादा," धाकटा म्हणाला. "आईच्या श्वासाचा तुला त्रास होतोय म्हणायचा."

"श्वासाचा नाही रे, मूर्खा. त्या मशीनमधला एक कंडेन्सर मेलाय. मला उघडू दे, खिडकीतून बाहेर दे नुसतं. नवा बसवतो, खरखर गेलीच म्हणून समज. मशीनलाही बरं."

"तुझा हात त्या मशीनला लागला तर तोडून ठेवीन. उद्या आईला काही झालं तर सगळीकडे बोंबलत फिरशील की मशीन मी नीट केलं होतं, सुनेने मारली."

"मग कोपऱ्यात सिलिंडर आहे ना? वीज जाते तेव्हा लावताच की. सोमवारी मोजणीच्या वेळेला तो लाव आणि मशीन बंद ठेव."

"तो वीज जाते तेव्हासाठी आहे. तुझ्या जमिनीसाठी नाही."

"अरे, घटकाभर मशीन बंद राहिलं तर कोणी मरत नाही!"

हे तो असा ओरडला की समोरच्या घरातली बाई गच्चीवरचे कपडे काढायचे सोडून खाली बघायला लागली. आत आईचा खोकला चालू होता, तो थांबला. धाकट्याने खिडकी आपटून लावली, पण तिची कडी सैल होती, ती पुन्हा बोटभर उघडली.

"असल्या माणसाच्या पोटी कोणी जन्माला येऊ नये," आतून धाकट्याचा आवाज आला. तो कोणाला उद्देशून होता कोण जाणे, कारण थोरल्याला मूलबाळ नव्हतं आणि हे धाकट्याला माहीत होतं.

खरखर बंद करता येत नाही तर ती आत शिरू द्यायची नाही, असं थोरल्याने ठरवलं. त्याने वेटोळ्याला अॅल्युमिनियमचा वर्ख गुंडाळला आणि त्याला एक बारीक तार जोडली, म्हणजे बाहेरची खरखर वर्खावरच अडेल आणि तारेतून निघून जाईल. रागाच्या भरात त्याने वर्ख पूर्ण गोल जोडून टाकला. यंत्र मुकंच झालं, पक्कड काय आणि हातोडा काय, काहीच ऐकू येईना. ही चूक एखाद्या शिकाऊने केली असती तर त्याने त्याला खोलीबाहेर काढलं असतं. स्वतःला दोन शिव्या देऊन त्याने वर्खात बोटभर फट ठेवली. आवाज परत आला, खरखर निम्म्याने उतरली. पण निम्मी खरखरही पुरेशी होती. बोळात खिळे, पत्रे, बाटल्यांची बुचं यांचा सडा पडलेला. कुठला बारीक आवाज बुचाचा आणि कुठला स्वर अॅक्सलचा, हे कळायला पूर्ण शांतता हवी होती.

"झालं का नीट?" बायकोने विचारलं.

"होईल."

"आणि झालं की परत बिघडवा."

हा टोमणा जुना होता. थोरल्याची एक खोड होती आणि गिऱ्हाइकं तिला वैतागायची. बिघाड गेला असं वाटलं की केलेला उपाय तो काढून टाकायचा आणि बघायचा, बिघाड परत येतो का. आला तरच उपाय खरा. नाही आला तर बिघाड आपल्या हाताने गेलेला नाही, दुसऱ्याच कारणाने गेलाय, आणि ते कारण शोधलं पाहिजे. गिऱ्हाईक रेडिओ घ्यायला हात पुढे करायचं आणि हा त्याच्यासमोर चालता रेडिओ बंद पाडायचा. नीट झालेलं पुन्हा बिघडवणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही, असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

सोमवारी सकाळी मोजणीवाला टेप, नकाशा आणि एक मजूर घेऊन आला. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या भिंतीला टेकून उभा राहिला, लग्नाला आल्यासारखा. त्याची बायको पिशवी घेऊन आईची औषधं आणायला निघाली होती. जाताना थोरल्याच्या बाजूला थुंकल्यासारखं करून गेली. थोरल्याची बायको तिच्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहिली. तिच्या मागे, आत पंखा फिरत होता.

मजुराने विटा, पत्रे बाजूला केले. थोरल्याने हेडफोनची वायर काढली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं, नंतर कोणी म्हणायला नको की दादा मनचं सांगतोय. यंत्र चालू केलं आणि खिडकीखाली नेलं. खर्रर, ठक, खर्रर.

"काय दादा," धाकटा दात कोरत म्हणाला, "स्टेशन लागतंय का?"

मजूर हसला. मोजणीवालाही हसला असता, पण त्याने तोंड नकाशात घातलं.

थोरल्याने दातओठ खात पुन्हा एकदा वेटोळं फिरवलं. मध्येच एक स्वर उठल्यासारखा वाटायचा आणि खरखरीत बुडून जायचा. हातभर अलीकडे वाटायचा, मग हातभर पलीकडे. अशा अंदाजावर एकुलता एक खड्डा मारायचा म्हणजे खोली उडवून लावायची.

"साहेब, उन्हं चढायला लागली," धाकटा म्हणाला. "याचा कार्यक्रम काही संपत नाही. तुम्ही आपली रेघ कायम करा."

"पाच मिनिटं," थोरला म्हणाला. मोजणीवाल्याने सुस्कारा सोडला आणि मान हलवली.

थोरला मातीत मांडी घालून बसला. यंत्राचा डबा उघडला. वर्खापासून आलेली तार त्याने एका टोकाला लावली होती, ती सोडवली आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला, बॅटरीच्या अगदी मुळाशी जोडली. असं केलं तर कदाचित फरक पडेल, असं त्याला पहाटेपासून वाटत होतं. झाकण लावायचं सोडून त्याने बटण फिरवलं.

शांतता.

त्याचा विश्वास बसेना. आवाज वाढवला. नुसती मऊ सळसळ, खरखर नावाला नाही. त्याने वेटोळं खिडकीखाली, भिंतीलगत नेलं आणि यंत्रातून स्वर उठला. स्वच्छ, चढा, लांब. डावीकडे नेलं की उतरला, उजवीकडे नेलं की उतरला, मधोमध आणलं की गायला लागला. बुचाचा स्वर असा नसतो. एवढ्या खोलातून असा आवाज फक्त भरीव लोखंड देतं.

थोरल्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्या जागी मुठीपर्यंत मातीत खुपसला. मग वर धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याचं दात कोरणं थांबलं होतं.

"लागलं स्टेशन," थोरला म्हणाला.

पायरीवरून त्याची बायको मोठ्याने हसली. मोजणीवाल्याने मजुराला खूण केली, मजुराने कुदळ उचलली. "खणायचं ना इथं? बघा हं, एकच," मोजणीवाला म्हणाला.

"थांबा साहेब," थोरला म्हणाला.

त्यालाही हसू आलं होतं, पण हाताची सवय सुटत नाही. त्याने नव्याने जोडलेली तार पुन्हा काढली. आता खरखर यायला हवी होती.

आली नाही.

"आता काय नाटक?" धाकटा म्हणाला. "साहेब, बघा, स्वतःलाच खात्री नाही त्याला."

थोरल्याने तार लावली, काढली. नंतर वर्खच बोटाने टराटरा फाडला. यंत्र शांतच. मजूर कुदळ धरून बघत राहिला. मोजणीवाला म्हणाला, "अहो, चाललंय ना चांगलं? मग कशाला काड्या करता?"

"माझ्यामुळे नाही चाललेलं," थोरला म्हणाला. त्याने पायरीकडे पाहिलं. बायकोच्या मागे पंखा फिरत होता. म्हणजे वीज होती. त्याने भिंतीला कान लावला. फुस्स नव्हतं, ठक नव्हतं. खोकलाही नव्हता.

"आईजवळ कोण आहे?" त्याने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"आईजवळ कोण आहे सांग!"

"औषधं आणायला गेलीय ना ती. आत्ता येईल. तू विषय बदलू नको."

थोरल्याने यंत्र मातीत टाकलं आणि धावला. बोळातून धाकट्याच्या दारापर्यंत जेमतेम दहा पावलं असतील. धाकट्याला वाटलं हा घरात शिरून तोडफोड करणार. त्याने पुढे धावत जाऊन दारात हात आडवा घातला. थोरल्याने आयुष्यात त्याला अनेकदा ढकललं होतं, पण इतक्या जोरात कधीच नाही. धाकटा चौकटीवर आपटला आणि थोरला उंबरठा ओलांडून आत गेला. बापाच्या नावाची आठवण त्याला तेव्हा झाली नाही.

आई खाटेच्या कडेला कलली होती. नळी नाकातच होती. ओठ निळे, डोळे उघडे, छाती भात्यासारखी उडतेय आणि आत काही जात नाहीये. तिचा एक हात खाली लोंबत होता, मशीनच्या बटणावर. इतकी बारीक झाली असेल हे भिंतीतून कळलं नव्हतं. थोरल्याने तिला दंडाला धरून उशीवर घेतलं आणि बटण दाबलं. मशीनने खाकरल्यासारखं केलं आणि घरघरायला लागलं.

"त्याला वेळ लागतो!" मागून धाकटा ओरडला. "सिलिंडर! हो बाजूला!"

"किल्ली उलटी फिरवतोयस, गाढवा!"

"मला शिकवू नको! दर वेळी मी लावतो, तू नाही!"

घाईत धाकट्याची किल्ली सारखी निसटत होती. थोरल्याने सिलिंडर गच्च धरला, धाकट्याने किल्ली फिरवली, थोरल्याने नळी ओढून लावली. शिव्या चालूच होत्या. सिलिंडरमधून हवा सुटली. आईने एक श्वास घेतला, मग दुसरा. ओठांचा रंग परत यायला वेळ लागला आणि तेवढा वेळ दोघं तिच्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

"काय केलंस तू?" धाकटा थोरल्याच्या अंगावर गेला. त्याचा आवाज रडका झाला होता. "वायरीत काय केलंस? बाहेरून बंद पाडलंस ना? तुझ्या त्या अॅक्सलसाठी आईला—"

आईने उशीवरूनच बोट उचललं. दोघंही लहानपणासारखे गप्प झाले.

"मी बंद केलं," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता आणि तरी शब्दाची धार तशीच होती. "माझ्या हाताने."

"आई, अगं का?" धाकटा म्हणाला.

"रोज माझ्या उशाशी उभे राहून भांडता. म्हटलं, होऊ दे एकदाचं. एक तर भांडण मिटेल, नाहीतर मी." तिने मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी पाहत होती, पण बघण्यात माया नव्हती. एखाद्या परक्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करावा तशी पाहत होती. "सापडली का रे खूण?"

थोरला वाकून नळीचा सांधा चाचपायला लागला.

"विचारतेय मी. ऐकू आलं ना स्वच्छ?"

"आलं."

"मग झालं तर. घटकाभर मशीन बंद राहिलं तर कोणी मरत नाही. खिडकीत उभं राहून तूच म्हणालास." तिने थोडा दम घेतला आणि धाकट्याकडे बोट फिरवलं. "आणि तू रे, आई एकटी टाकून बाहेर कशाची राखण करत होतास? निघा दोघं. मला तुमची तोंडं बघायची नाहीत."

धाकट्याच्या बायकोची चप्पल दारात वाजली. थोरल्याला तिने घरात पाहिलं आणि औषधांची पिशवी तिच्या हातातून गळाली. मग जे काही ती बोलली ते बोळापर्यंत ऐकू गेलं. थोरला खालमानेने बाहेर आला.

मोजणीवाल्याला आतलं काही कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्याने कानाडोळा केला. स्क्रूड्रायव्हरच्या जागी मजुराने खणलं. गुडघाभर खाली सिमेंटचा गोळा निघाला आणि त्याच्यातून अॅक्सलचं गंजलेलं डोकं. धाकट्याच्या भिंतीला अगदी लागून. मोजणीवाल्याने टेप लावला, नकाशावरची जुनी रेघ खोडली आणि नवी मारली. बोळ थोरल्याचा झाला, खोली वाचली. बायको म्हणाली, "जिंकलो बाई एकदाचे!" थोरला खड्ड्याच्या कडेला बसून होता. बाजूला मातीत पडलेलं यंत्र चालूच राहिलं होतं आणि त्यातून पुन्हा खर्रर, ठक, खर्रर सुरू झालं होतं.

दोन घरांचं अजूनही पटत नाही. थोरला एकदा फळं घेऊन दारात गेला तेव्हा धाकट्याने त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. आतून आईचा खोकला तेवढा ऐकू आला. कंडेन्सर बदलून देतो असा निरोपही त्याने धाडला होता, त्याला उत्तर आलं नाही. खिडकीला धाकट्याने आतून फळी ठोकलीय.

थोरल्याने यंत्राचा दांडा काढून टाकला. वेटोळ्यावर उरलेला वर्ख सोलून काढला, नवीन बॅटरी घातली आणि ते खोलीतल्या मागच्या फळीवर, बोळाकडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. ते दिवसभर चालू असतं. गिऱ्हाइकं विचारतात की काय हो, हे बिघडलंय वाटतं, नुसतं खरखरतंय. तो "असू द्या" म्हणतो. वीज गेली की फळीवरची खरखर थांबते. तेव्हा तो हातातलं काम खाली ठेवून बोळात जातो, धाकट्याच्या भिंतीला कान लावतो आणि पलीकडे सिलिंडरची किल्ली फिरल्याचा आवाज येईपर्यंत हलत नाही. वीज येते, खरखर सुरू होते, मग तो पुन्हा कामाला लागतो.

धाकट्याला भिंतीतून तो आवाज ऐकू जातो. मधूनमधून तो ओरडतो, "बंद कर रे ती कटकट, झोप येत नाही घरात कोणाला!"

थोरला आवाज जरासा वाढवतो.